अपसव्य मोटार

व्याह्यांसमोर माणसाने पोहे खावेत आणि गप्प बसावं. मी पोहे खाल्ले, पण गप्प बसलो नाही, आणि त्यानंतर लग्नापर्यंत माझी जी काही शोभा झाली ती या एका चुकीमुळे. ज्योत्स्नाच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या मते ती चूक नसून स्वभाव आहे. असो.

आमच्या आभाचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा आणि चांगला. त्याचे वडील ललितराव हेही तसे चांगलेच म्हणायचे, पण त्यांना जुन्या मोटारींचा षोक आहे. बैठकीला आले ते स्वतःच्या आजोबांच्या फोर्डबद्दल बोलायला लागले आणि थांबेचनात. मुहूर्ताचं नाव नाही, मानपानाचा विषय नाही, नुसती फोर्ड. तिचे दिवे, तिचा भोंगा, तिच्यात बसून कोण कोण गेलं. जणू काही पुण्याबाहेरच्या लोकांचे आजोबा बैलगाडीखालीच जन्मले आणि तिथेच वारले. शेवटी मला राहवेना. मी म्हणालो, "आमच्या आजोबांचीही मोटार होती."

ज्योत्स्नाने माझ्याकडे पाहिलं. तिची ती नजर मी ओळखतो, पण वेळेवर कधीच ओळखत नाही.

"अरे वा," ललितराव पुढे सरसावले. "कोणती?"

"काळी," मी म्हणालो.

ललितरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "तसं नाही मोरेश्वरराव, कंपनी कुठली? मॉडेल?"

आता हे मला काय माहीत? आमच्या घरात त्या मोटारीचा एकच पुरावा आहे, तो म्हणजे एक फोटो. स्वातंत्र्याच्या सालातला. गोदावरीच्या काठी एक मोटार उभी आहे, तिला झेंडूचा हार घातलेला आहे, शेजारी आमचे आजोबा, बाळाजीशास्त्री, उघड्या अंगाने बॉनेटवर हात ठेवून उभे आहेत आणि खिडकीतून एका लहान मुलीचं डोकं दिसतंय. ती मुलगी म्हणजे माझी इंदूआत्या. मूळ फोटो वाळवीने खाल्ला. पुढे वडिलांनी काचेची निगेटिव्ह कुठून तरी मिळवून त्यावरून ही प्रत काढून आणली, आणि येईल त्या पाहुण्याला "आमची मोटार" म्हणून दाखवली. आम्ही पंचवटीतले उपाध्ये. यजमानांचे धार्मिक विधी करणं हा घरचा व्यवसाय. मी पाटबंधारे खात्यात गेलो तो भाग वेगळा.

"फोटो पाठवा," ललितराव म्हणाले. "आमच्या क्लबातले लोक एका मिनिटात ओळखतील. आणि मोरेश्वरराव, तीच गाडी मी लग्नाला आणतो. तुमच्या आजोबांच्या मोटारीतून नवरदेव येईल, शब्द देतो."

झालं. आता मोटार ओळखणं भाग होतं, नाहीतर लग्नमंडपात मी थापाड्या ठरणार होतो.

घरात साक्षीदार एकच. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, नांदगावला दिलेली, आणि नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असते. मी आतल्या खोलीत गेलो. ती मटार सोलत होती. "आत्या, आजोबांची मोटार कोणती होती गं?"

"काळी," आत्या म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.

आता बैठकीत मी हेच उत्तर दिलं होतं ते का, ते कळेल. आमच्या घराण्याचं मोटारीविषयीचं ज्ञान तेवढंच आहे.

तेव्हा मी स्वतः कामाला लागलो. आधी आभाने फोटो स्कॅन केला आणि फोनमधल्या कसल्याशा अॅपात टाकून रंगीत करून आणला. आजोबांचे डोळे निळे झाले. गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणीही निळं झालं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण कहर म्हणजे आजोबांच्या छातीवर जी पांढरी रेघ होती, त्या रेघेचा अॅपने चांगला जाड, राखाडी सीटबेल्ट करून टाकला. गाडीच्या बाहेर उभे असलेले, धोतर नेसलेले बाळाजीशास्त्री सीटबेल्ट लावून. "बाबा, त्याला जानवं कळत नाही," आभा म्हणाली. कळत नाही तर हात लावू नये. मी उभं आयुष्य सरकारी नोकरीत काढलं, मला न कळणाऱ्या कुठल्याही फायलीला मी हात लावला नाही.

खालच्या मजल्यावर धनराज राहतो. पिंपळगाव बसवंतला त्याचे टेम्पो आहेत, द्राक्षांच्या हंगामात तो दिसत नाही आणि इतर वेळी दिसल्याशिवाय राहत नाही. त्याने फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"काका, ही जीप हे."

"धनराज, ही जीप कशी असेल? हिला छप्पर आहे."

"नंतर बसवलं आसंन. मी लय जीपा खोलल्या काका. नाक बघा ना तिचं." मग त्याने टेम्पोवरच्या दोघांना वर बोलावलं. एक म्हणाला अँबेसेडर, दुसरा म्हणाला मेटाडोर. तिघांचं भांडण लागलं आणि आमच्या हॉलमध्ये तिघांनी चहा घेतला. जाताना धनराज मला म्हणाला, "टेन्शन नका घेऊ काका. लग्नात कोणी विचारलं तर जीपच सांगायचं. जीपला कोणी नाही म्हणत नाय."

मग मी एका सरकारी कार्यालयात गेलो. नाव घेत नाही, मीही सरकारी माणूस आहे. खिडकीवरच्या बाईंना म्हणालो, स्वातंत्र्याच्या सुमाराला आमच्या आजोबांच्या नावावर एक मोटार होती, तिची जुनी नोंद पाहायची आहे.

"गाडी नंबर?"

"तोच तर शोधतोय."

"नंबर नसेल तर गाडीमालकाला स्वतः यावं लागेल."

मी म्हणालो, मालकांना जाऊन सत्तर वर्षं झाली. बाईंनी मान हलवली, वाईट वाटल्यासारखी. "मग सगळ्या वारसांची ना-हरकत आणा. आणि गाडीचं पीयूसी."

मी तिथे भांडलो नाही. बाहेर येऊन पार्किंगवाल्याशी भांडलो. माणसाचा राग कुठेतरी निघाला पाहिजे.

एवढ्यात पुण्याहून निकाल आला. ललितरावांचा फोन. आवाजात आदर. "मोरेश्वरराव, क्लबात खळबळ उडाली आहे. तुमच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आहे हो. आपल्याकडच्या गाड्या उजवीकडच्या. म्हणजे ही थेट अमेरिकेहून मागवलेली गाडी. असल्या गाड्या संस्थानिकांकडे असायच्या. ब्यूक असावी, अजून चर्चा चालू आहे. मी तशी गाडी मुंबईला बघतोय."

अमेरिकेहून. मी फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. खाली धनराज दिसला. त्याला हाक मारून ऐकवलं. मग, आणि इथे ज्योत्स्ना म्हणते तो स्वभाव पुन्हा आडवा आला, मी तो काळा-पांढरा फोटो चांगला मोठा करून आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'कै. बाळाजीशास्त्री यांची अमेरिकन मोटार. नव्या पिढीच्या माहितीसाठी.' लोकांनी हात जोडले, फुलं टाकली.

आणि मग त्र्यंबककाकांचा संदेश आला. त्र्यंबककाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, अजून रामकुंडावर विधी सांगतात, आणि आमच्या शाखेचं काही चांगलं झालेलं त्यांना सहन होत नाही. त्यांनी लिहिलं होतं, 'फोटो मोठा करून पाहावा. जानवं उजव्या खांद्यावर आहे. अपसव्य.'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जानवं एरवी डाव्या खांद्यावर असतं, त्याला सव्य म्हणतात. ते उजव्या खांद्यावर घेतलं की अपसव्य, आणि तसं फक्त पितरांच्या कार्यात घेतात. श्राद्धाला. दुसऱ्या कशालाही नाही. मी फोटो मोठा केला. पांढरी रेघ आजोबांच्या उजव्या खांद्यावरून खाली आली होती. अगदी स्पष्ट. इतकी वर्षं त्या बारीक फोटोत तिचा खांदा कोणी पाहिला नव्हता, तो मी हौसेने मोठा करून साठ घरांत पोचवला होता.

काका तिथे थांबले नाहीत. 'श्राद्धाच्या दिवशी, श्राद्ध अर्धवट टाकून, हार घातलेल्या परदेशी मोटारीला टेकून फोटो काढून घेणाऱ्याला आमच्या वडिलांनी तेव्हाच नावं ठेवली असतील. आज कारण कळलं.'

फुलं बंद झाली. पंचवटीतल्या उपाध्यावर याहून वाईट आरोप होत नाही. सत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं नाव मी स्वतःच्या बोटाने घालवलं होतं, आणि ते पुसून टाकायला गेलो तर 'फक्त स्वतःसाठी पुसा' एवढाच पर्याय शिल्लक होता.

ही गोष्ट आत्यापर्यंत जाऊ नये म्हणून आम्ही जपलो. पण नांदगावच्या पुतण्याने तिला फोन करून सांगितलं. ती रात्री जेवली नाही. सकाळी मी समोर गेलो तर म्हणाली, "मोऱ्या, मला सासरी आयुष्यभर मोटारवाली म्हणून चिडवलं. लग्न होऊन गेले तेव्हा सांगून बसले होते की मी मोटारीत बसलेय. भिक्षुकाची पोर आणि मोटारीत, म्हणून सासूपासून मोलकरणीपर्यंत सगळे हसले. ते मी गिळलं. पण माझ्या बाबांनी श्राद्धात कधी एक पळी इकडची तिकडे केली नाही. त्यांना असं बोललेलं मला खपायचं नाही. तू हे आरंभलंस, तूच निस्तर."

निस्तरणार कसं? मी सकाळी स्नान करून, देवपूजा आटोपून, तसाच उघड्या अंगाने आरामखुर्चीत बसलो आणि काकांना फोन लावला. रागाने बोट भलतीकडे लागलं असणार, कारण व्हिडिओ कॉल लागला. समोर काका. तेही नुकतेच स्नान करून बसलेले, तेही उघडे. पडद्यावर मोठे काका, आणि कोपऱ्यात बारीक मी.

"काका," मी सुरुवात केली, आणि थांबलो. काकांचं जानवं पडद्यात उजव्या बाजूने खाली आलं होतं. माझं डाव्या बाजूने. मी छातीवर हात फिरवला. माझं डाव्या खांद्यावरच होतं, मी सकाळीच पाहिलं होतं. म्हणजे चुकलेले काका होते. माझ्या अंगात बळ आलं.

"काका, तुम्ही अपसव्य बसला आहात."

"मी?" काकांनी चष्मा लावला, पडद्यात पाहिलं, स्वतःचा खांदा चाचपला. "मी सव्य आहे. तू अपसव्य आहेस. कोण गेलं तुमच्याकडे?"

"कोणी गेलं नाही. मी सव्य आहे. तुम्हीच बघा, माझं आणि तुमचं उलटं आहे."

"उलटं आहे हेच तर म्हणतोय मी. माझं बरोबर आहे, म्हणजे तुझं चूक आहे. आजोबांवर गेलास."

मी उभा राहिलो. काकाही उभे राहिले. दोन सुशिक्षित, कर्त्या घरांतली माणसं, धोतरावर, फोनसमोर उभी राहून एकमेकांना आपापला खांदा थोपटून दाखवत होती. काका म्हणाले मी साठ वर्षं विधी सांगतोय, मला खांदा शिकवू नकोस. मी म्हणालो खांदा खांदाच असतो, त्याला साठ वर्षांचा अनुभव लागत नाही. काकूंना बोलावलं गेलं. काकू म्हणाल्या दोघंही आधी सदरा घाला.

ज्योत्स्ना चहा घेऊन आली. तिने कप ठेवला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, फोनमध्ये आपण स्वतःला आरशासारखे दिसतो. समोरचा सरळ दिसतो. त्यांच्याकडे ते उलटे दिसत असतील आणि तुम्ही सरळ. दोघांचंही बरोबर आहे, बसा आता."

आम्ही बसलो. काका काही तरी बोलत होते, पण माझं लक्ष नव्हतं. माझ्या डोक्यात काचेची निगेटिव्ह फिरत होती. काच दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. छापणाऱ्याने ती उलटी ठेवली तर?

"आभा," मी ओरडलो, "तो फोटो आरशासारखा फिरव."

आभाने एक बोट लावलं. आजोबांचं जानवं डाव्या खांद्यावर गेलं. सव्य. आणि त्याच बोटाने मोटारीचं स्टिअरिंग उजवीकडे गेलं आणि अमेरिका गेली. मला त्याचं क्षणभरच वाईट वाटलं. मी तोच फोटो काकांना पाठवला. मग ग्रुपवर त्यांचा एक शब्द आला. 'सव्य.' माफी वगैरे काही नाही. आमच्या भाऊबंदांत यापेक्षा मोठी शरणागती कोणी पाहिलेली नाही.

ललितरावांनीही नवा फोटो पाहून तासाभरात कळवलं. इंग्लंडची मॉरिस, लहान गाडी, आणि तशी एक त्यांच्या क्लबातच आहे. आवाजातला आदर थोडा उतरला होता, पण गाडी लग्नाला येणार हे नक्की झालं.

मी फोन घेऊन आत्याकडे गेलो. तिने तो फोटो हातात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

"हे बाबा," ती म्हणाली. "असेच होते. त्या दुसऱ्या फोटोत ते मला नेहमी जरा परके वाटायचे. मला वाटायचं, मीच त्यांचा चेहरा विसरत चालले." तिने डोळे पुसले.

"आता सांग नांदगावच्या लोकांना," मी म्हणालो, "आमची मॉरिस होती म्हणावं."

"आमची कुठली? यजमानांची."

मी पलंगावर बसलो. "आत्या, काय बोलतेस?"

"पिंपळगावचे यजमान होते. नवी मोटार घेतली म्हणून पूजेला गंगेवर आणली. बाबांनी पूजा सांगितली. ते दक्षिणा द्यायला लागले तर बाबा म्हणाले, दक्षिणा नको, पोरीला नाशिकरोडपर्यंत नेऊन आणा, तिला आगगाडीचं इंजिन बघायचंय. आमची मोटार हे तुझ्या वडिलांनी वाढवलेलं."

"आणि हे तू मला आज सांगतेस? मी कचेऱ्या पालथ्या घातल्या. धनराजला चहा पाजला."

"तू विचारलंस कोणती. मी सांगितलं काळी. कोणाची म्हणून विचारलं असतंस तर तेही सांगितलं असतं." आत्याने फोन परत दिला. "आणि मी कुठे गेले, ते तर आजवर कोणीच विचारलं नाही."

मला इतका राग आला होता की विचारावंसं वाटत नव्हतं. तरी विचारलं.

"कुठे जाणार? नासर्डीच्या पुलाशी ओकले. नव्या कोऱ्या सीटवर. तिथूनच परत फिरवलं. यजमानीणबाई फार चांगल्या, स्वतःच्या पदराने त्यांनी माझं तोंड पुसलं. बाबांनी सीट धुतली, माझं परकर-पोलकं काढून वाळत टाकलं, मला स्वतःच्या उपरण्यात गुंडाळून गाडीत बसवलं आणि पूजा पुन्हा पहिल्यापासून सांगितली. तेव्हाचा हा फोटो. नाहीतर बाबा फोटोला उघडे उभे राहिले असते होय? त्यांचं उपरणं माझ्या अंगावर आहे."

मी फोटो पुन्हा पाहिला. खिडकीतलं डोकं तेवढं दिसत होतं. इंजिन काही तिने पाहिलं नव्हतं.

ललितरावांना खरं सांगणं भागच होतं. मी सगळं सांगितलं, अगदी नासर्डीच्या पुलासकट. मला वाटलं ते काही तरी मोठ्या मनाचं बोलतील. ते म्हणाले, "सीट लेदरची होती का रेक्झिनची?" माझ्या घराण्याची अब्रू त्यांच्यापुढे उघडी पडली होती आणि हा माणूस सीटची चौकशी करत होता. आभा त्या घरात जाणार आहे म्हणून मी गप्प बसलो. एकदा तरी बसलो.

सीमांतपूजनाच्या संध्याकाळी मॉरिस आली. खरोखरच लहान आणि काळी. नवरदेव जवळच्या देवळातून तिच्यात बसून कार्यालयात येणार होता. ललितराव म्हणाले, आधी आत्याबाईंचा एक फोटो काढू. आत्याला दोघांनी धरून मागच्या सीटवर बसवलं. तिने नऊवारी नीट केली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं. फोटो झाला. टाळ्या झाल्या.

"आत्याबाई, या आता खाली," ललितराव म्हणाले. "नवरदेव खोळंबलाय."

"मी नाही उतरायची," आत्या म्हणाली.

सगळे हसले. आत्या हसली नाही. "मागच्या खेपेला अर्ध्यातनं परत आणलं होतं. मला इंजिन बघायचंय. मोऱ्या, बस."

ललितराव माझ्याकडे पाहायला लागले. त्र्यंबककाका, जे विधी सांगायला आले होते, घड्याळाकडे बोट दाखवायला लागले. ज्योत्स्नाने माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी आयुष्यात प्रथमच वेळेवर ओळखली. मी दार उघडून आत बसलो आणि ड्रायव्हरला म्हणालो, "नाशिकरोड स्टेशन."

तो पुण्याचा ड्रायव्हर ललितरावांकडे पाहत राहिला. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि नवरदेवासाठी धनराजला फोन लावला. नवरदेव सीमांतपूजनाला टेम्पोतून आला, असं नंतर कळलं. धनराजने टेम्पोला हार घातला होता म्हणे.

आत्याच्या एका हातात लिंबू होतं, दुसऱ्या हाताने तिने पुढची सीट घट्ट धरली होती. माझा फोन वाजतच होता. मी तो बंद केला. नासर्डीचा पूल आला तसा मी गुपचूप रुमाल काढून तयार ठेवला. आत्याने डोळे मिटले. गाडी पुलावर चढली, पूल संपला, सिग्नल लागला, सुटला.

आत्याने डोळे उघडले आणि लिंबू माझ्या हातात दिलं. "इथवरचं मला माहीत होतं," ती म्हणाली. "आता पुढे काय काय येतं, ते तू मला सांगत जा."